माहिती कार्यालयातून फुटली, तर उत्तर कोणी द्यायचे?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. सरकारी कार्यालय, नगरपरिषद किंवा सार्वजनिक रुग्णालय यांच्याकडे असलेली नागरिकांची माहिती बाहेर गेली, तर ती परिस्थिती हाताळण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, असा तो प्रश्न आहे. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची व त्यांच्या कार्यालयांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत कंत्राटी संगणक चालक आहे. मालमत्ता कराच्या थकबाकीदारांची यादी संकेतस्थळावर चढवण्यास मला तोंडी सांगण्यात आले. मिळालेल्या एक्सेल फाइलमध्ये मोबाइल आणि आधार क्रमांकांचे रकानेही होते, हे माझ्या लक्षात आले नाही. चार दिवसांनी एका नागरिकाने तक्रार केल्यावर फाइल काढण्यात आली आणि मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'सदर प्रकारास आपण सर्वस्वी जबाबदार आहात' असे तीत लिहिले आहे. कायद्याने मी खरोखर जबाबदार आहे का? (संगणक चालक, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : तुमच्या नोटिशीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कर्मचाऱ्याने आपले काम काळजीपूर्वक केले की नाही, हा आस्थापनेचा आणि शिस्तीचा प्रश्न आहे. नागरिकांची माहिती सुरक्षित ठेवण्याचे आणि ती फुटल्यास पुढची पावले उचलण्याचे दायित्व कोणावर आहे, हा कायद्याचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काहीही निघाले, तरी दुसऱ्याचे उत्तर 'संगणक चालक' असे येत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने 'डेटा फिड्युशिअरी' अशी एक भूमिका निर्माण केली आहे. मराठीत तिला माहितीचा विश्वस्त म्हणता येईल. माहितीवर प्रक्रिया कशासाठी करायची आणि ती कोणत्या साधनांनी करायची हे जो ठरवतो, तो विश्वस्त. थकबाकीदारांची यादी प्रसिद्ध करायची हे तुम्ही ठरवले नाही आणि त्यासाठी संकेतस्थळ वापरायचे हेही तुम्ही ठरवले नाही. हे दोन्ही निर्णय नगरपरिषदेचे होते. हा कायदा केवळ खासगी कंपन्यांसाठी आहे असा समज अनेक कार्यालयांत आढळतो, तो चुकीचा आहे, कारण कायद्यातील 'व्यक्ती' या शब्दाच्या व्याख्येत शासनाचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ८ नुसार योग्य ती सुरक्षाव्यवस्था ठेवण्याचे आणि माहितीचा भंग झाल्यास कळवण्याचे कर्तव्य विश्वस्तावर, म्हणजे संस्थेवर आहे.

या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून विश्वस्ताची बहुतेक कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून अंमलात येतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु आधार क्रमांकाच्या बाबतीत तोवर थांबण्याची गरज नाही. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९ नुसार कोणाचाही आधार क्रमांक, विनियमांत दिलेल्या प्रयोजनांखेरीज, जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास मनाई आहेच.

नोटिशीला उत्तर देताना भावनेच्या भरात लिहू नका आणि काही लपवूही नका. फाइल कोणी दिली, केव्हा दिली, कोणत्या ईमेलवरून आली, लेखी आदेश होता की नाही, प्रसिद्धीपूर्वी ती तपासण्याची जबाबदारी एखाद्या अधिकाऱ्याकडे सोपवलेली होती की नाही, आणि माहिती हाताळण्याचे प्रशिक्षण तुम्हाला कधी मिळाले होते का, हे क्रमाने लिहा. फाइल उघडून सर्व रकाने पाहिले नाहीत, एवढी तुमच्याकडील त्रुटी मान्य करा. 'सर्वस्वी' या शब्दाला मात्र स्पष्ट शब्दांत हरकत घ्या. उत्तराची पोच घ्या आणि संबंधित ईमेलच्या प्रती स्वतःकडे ठेवा.

मला जास्त चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सर्वांत खालच्या हातावर ठपका ठेवून प्रकरण मिटवायचे, ही सवय कार्यालयाला महागात पडते. पुढच्या वेळी असे काही घडलेले ज्याच्या प्रथम लक्षात येईल, तो कर्मचारी ही नोटीस आठवून गप्प बसेल. माहितीगळतीत पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात आणि ते तास वाचवू शकणारा माणूस बहुधा टेबलाशी बसलेला कर्मचारीच असतो.

प्रश्न : आमचे सॉफ्टवेअर एका खासगी कंपनीने तयार केले असून सर्व्हरही तीच सांभाळते. 'माहितीच्या सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी पुरवठादाराची राहील' असे कलम करारनाम्यात आहे. मग आमच्याकडे कोणती जबाबदारी उरते? (लेखा विभागातील अधिकारी, जिल्हा परिषद)

उत्तर : नागरिकांच्या दृष्टीने पाहिले तर सगळी उरते. २०२३ च्या कायद्याच्या कलम ८(१) मध्ये असे म्हटले आहे की कोणताही करार काहीही म्हणत असला, तरी विश्वस्ताने स्वतः केलेल्या आणि त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेल्या प्रक्रियेबद्दल विश्वस्तच जबाबदार राहील. दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या या कंपनीला कायदा 'डेटा प्रोसेसर' म्हणतो आणि वैध करार असल्याशिवाय तिच्याकडे काम सोपवताच येत नाही. नागरिकाने आपला मोबाइल क्रमांक जिल्हा परिषदेला दिला होता. कंपनीचे नावही त्याला ठाऊक नसते.

तुमच्या कलमाला अर्थ नाही, असे मी म्हणत नाही. कंपनीच्या हलगर्जीपणामुळे संस्थेला भुर्दंड बसला, तर तो करारानुसार कंपनीकडून वसूल करता येईल, आणि कंपनीच्या एखाद्या कर्मचाऱ्याने कोणाचे नुकसान करण्यासाठी किंवा गैरलाभासाठी जाणूनबुजून माहिती बाहेर दिली, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७२अ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण ते तुमचे आणि कंपनीचे आपसांतले प्रकरण झाले. संस्थेचे सर्व्हर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे असले, तरी न्याय तोच लागू होतो. एनआयसी सरकारी आहे म्हणून तुमचे विश्वस्तपण तिच्याकडे जात नाही.

करारनाम्यात त्या एका मोठ्या वाक्यापेक्षा काही लहान वाक्यांची गरज जास्त आहे. संशयास्पद काही आढळल्यावर कंपनीने संस्थेला किती तासांत कळवायचे, हे आकड्यात लिहिलेले असावे. 'त्वरित' या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. कोणी केव्हा प्रवेश केला याच्या नोंदी, ज्यांना लॉग म्हणतात, त्या किती काळ ठेवायच्या आणि मागितल्यावर किती वेळात द्यायच्या, कंपनीने काम पुढे उपकंत्राटदाराला देण्यापूर्वी परवानगी घ्यावी की नाही, आणि करार संपल्यावर माहितीच्या प्रती नष्ट केल्याचा दाखला कोण देणार, हेही त्यात असावे. नव्या नियमांनी सुरक्षाविषयक तरतुदी प्रोसेसरबरोबरच्या करारात घालणे बंधनकारक केले आहे. निविदा काढताना सर्वांत कमी दर पाहिला जातो हे वास्तव आहे, पण ही वाक्ये निविदेच्या अटींतच घातली, तर प्रत्येक बोलीदाराला त्यांचा खर्च धरूनच दर द्यावा लागतो.

प्रश्न : दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर संगणकीय हल्ला झाला, तेव्हा कोण कोणाला उत्तर देत आहे हे सामान्य माणसाला समजतच नव्हते. अशा वेळी कोणी कोणाला आणि किती वेळात कळवायचे असते? (निवृत्त शिक्षिका, नागपूर)

उत्तर : तुम्ही अगदी योग्य उदाहरण निवडले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर बंद पडले. तो रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागण्याचा प्रकार होता. नोंदणी, देयके, तपासण्यांचे अहवाल ही सगळी कामे जवळपास दोन आठवडे हाताने कागदावर चालवावी लागली. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. त्याच उत्तरात आणखी दोन गोष्टी होत्या. एम्सची संगणकव्यवस्था एम्स स्वतः सांभाळत होती, ही पहिली. हल्लेखोरांना शिरकाव करता आला तो संगणकांच्या जाळ्याचे, म्हणजे नेटवर्कचे, भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नसल्यामुळे, ही दुसरी.

या दोन वाक्यांत जबाबदारीचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. जाळे कसे रचायचे, त्यावर किती खर्च करायचा, त्यासाठी किती माणसे नेमायची, हे निर्णय संस्थेच्या वरिष्ठ पातळीवर होतात. हल्ल्यानंतरच्या दिवसांत मात्र बातमी आली ती दोन सिस्टिम ॲनालिस्टच्या निलंबनाची. त्यांच्या हातून चूक झाली होती की नाही, याविषयी मी काही म्हणू शकत नाही. पण जाळ्याची रचना दोन ॲनालिस्टच्या अखत्यारीतील बाब नसते, एवढे निश्चित.

आता कळवण्याविषयी. देशातील संगणकीय घटनांची दखल घेणारी केंद्रीय यंत्रणा म्हणजे सर्ट-इन. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून, किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून, सहा तासांच्या आत तिला कळवावे लागते. सरकारी संस्थांचा या निर्देशांत नावाने उल्लेख आहे. लॉग १८० दिवस जपून ठेवणे आणि सर्ट-इनशी बोलण्यासाठी एक संपर्क अधिकारी नेमणे हेही त्यातच आहे. गुन्हा असल्यास पोलिसांकडे फिर्याद वेगळी द्यावी लागते आणि ती दिल्याने सर्ट-इनला कळवण्याचे काम संपत नाही.

सर्ट-इनला कळवले म्हणजे नागरिकाला कळवले, असे मात्र होत नाही, आणि आजवरच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात बाधित व्यक्तीला सांगण्याचे बंधन नव्हते. त्यातच नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहितीच्या अधिकाराच्या कक्षेतून वगळण्यात आले, त्यामुळे तिच्याकडे गेलेल्या अहवालांपर्यंत नागरिकाला त्या मार्गानेही पोचता येत नाही. २०२३ चा कायदा हे चित्र बदलतो. त्याच्या नियमांनुसार विश्वस्ताने डेटा संरक्षण मंडळाला, म्हणजे या कायद्याखालील तक्रारी पाहणाऱ्या आणि दंड करणाऱ्या यंत्रणेला, विनाविलंब कळवून सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची आहे आणि प्रत्येक बाधित व्यक्तीलाही विनाविलंब सांगायचे आहे. काय घडले, केव्हा घडले, त्याचे परिणाम काय होऊ शकतात, संस्था काय करत आहे, त्या व्यक्तीने स्वतः काय काळजी घ्यावी आणि प्रश्न असल्यास कोणाशी बोलावे, हे सगळे त्या सूचनेत असले पाहिजे.

'आमच्याकडून माहिती बाहेर गेलीच नाही, फक्त सर्व्हर बंद पडला होता' असा खुलासा अशा वेळी ऐकू येतो. नव्या कायद्यात तो चालणार नाही. माहितीपर्यंत पोचता न येणे, ती नष्ट होणे किंवा तिच्यात अनधिकृत बदल होणे हादेखील भंगच आहे, असे व्याख्येत म्हटले आहे. रुग्णाचा जुना अहवाल शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांना मिळाला नाही, तर तो कोणा चोराच्या हाती लागला की नाही याने रुग्णाला काय फरक पडतो?

प्रश्न : पोलीस ठाण्याला २०२३ चा हा डेटा संरक्षण कायदा लागू आहे का? (विधी शाखेचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : अंशतः लागू आहे. गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी हाताळलेल्या माहितीला बऱ्याच कर्तव्यांतून सूट आहे, पण माहिती सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य त्या सुटीतून वगळलेले नाही. भंग झाल्यास बाधितांना कळवण्याचे कर्तव्य मात्र सुटीत मोडते. याखेरीज केंद्र सरकार अधिसूचनेने काही शासकीय यंत्रणांना संपूर्ण कायद्यातून वगळू शकते. फिर्यादीत आपले नाव आणि पत्ता देणाऱ्या स्त्रीला, ते बाहेर गेल्यास कळवण्याचे बंधन नसावे, हे मला पटत नाही. पण कायद्याची आजची स्थिती ही आहे.

प्रश्न : आमची ग्रामपंचायत योजनांच्या लाभार्थ्यांच्या याद्या फलकावर लावते व व्हॉट्सॲप गटावरही टाकते. पारदर्शकतेसाठी हे आवश्यक आहे असे आम्हाला सांगितले जाते. ही माहितीगळती आहे का? (ग्रामपंचायत सदस्य, बीड जिल्हा)

उत्तर : यादी लावणे ही गळती नाही. कोणाला घरकुल मिळाले आणि किती अनुदान मिळाले हे गावाला कळलेच पाहिजे. खोटे लाभार्थी शोधण्याचा तो सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि माहितीच्या संरक्षणाच्या नावाखाली तो बंद पडता कामा नये. कायद्याने जी माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे, ती त्या बंधनानुसार प्रसिद्ध केल्यास २०२३ चा अधिनियम तिला लागू होत नाही, असे त्या अधिनियमातच म्हटले आहे.

अडचण यादीच्या उजव्या बाजूच्या रकान्यांत असते. नाव, योजना, रक्कम आणि मंजुरीचा दिनांक एवढ्यावर पारदर्शकतेचे काम भागते. आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, मोबाइल, जन्मतारीख किंवा आजाराचे नाव यांतून गावाला काहीच तपासता येत नाही, फसवणूक करणाऱ्याचे मात्र काम सोपे होते. ही चूक केवळ खेड्यांत होते असेही नाही. २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानेच माहितीच्या अधिकारातील एका उत्तरात सांगितले होते की केंद्र व राज्य शासनांची सुमारे २१० संकेतस्थळे लाभार्थ्यांच्या नाव-पत्त्यांसह आधार क्रमांक दाखवत होती. तेथे कोणी कुलूप फोडले नव्हते. कार्यालयांनी स्वतःच्या हाताने दार उघडे ठेवले होते.

व्हॉट्सॲप गटाचा प्रश्न वेगळा आहे. फलकावरची यादी उतरवता येते, पण गटावर टाकलेली फाइल किती ठिकाणी गेली हे कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा ग्रामपंचायतीने काय टाकावे आणि काय टाकू नये याचा ठराव मासिक सभेत करून घ्या. यादी प्रसिद्धीला देण्यापूर्वी ती पाहून सही कोणी करायची, हेही त्याच ठरावात लिहा.

प्रश्न : मी येथील एका स्थानिक प्राधिकरणात काम करते. येथे माहितीविषयी काहीही घडले की सगळे डेटा संरक्षण अधिकाऱ्याकडे बोट दाखवतात. भारतातही असा अधिकारी नेमला की प्रश्न सुटेल, असे तिकडचे नातेवाईक म्हणतात. तुम्हाला काय वाटते? (वाचक, लंडन)

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांचे बोट चुकीच्या दिशेला आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने डेटा संरक्षण अधिकारी नेमणे सक्तीचे आहे, पण कायद्याने त्याचे काम सल्ला देण्याचे, देखरेखीचे आणि नियामकाशी संपर्क ठेवण्याचे आहे. तो सर्वोच्च व्यवस्थापनाला थेट अहवाल देतो आणि आपले काम केल्याबद्दल त्याला काढता किंवा दंडित करता येत नाही. ज्याने इतरांच्या चुका निर्भयपणे दाखवायच्या, त्याच्याच माथी त्या चुकांचे उत्तरदायित्व मारले, तर तो त्या दाखवणार कसा? म्हणून कायदेशीर जबाबदारी संस्थेकडेच ठेवलेली आहे.

उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाचे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. ८ ऑगस्ट २०२३ रोजी माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखालील एका अर्जाला उत्तर म्हणून दलाने एक तक्ता दिला. त्या तक्त्यात एक पान लपवलेले होते, आणि ते उघडल्यावर ९,४८३ अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे दिसत होती. जेथे पोलिसांवर आजही जीवघेणे हल्ले होऊ शकतात आणि पोलीस असल्याचे शेजाऱ्यांपासून लपवून ठेवणारी कुटुंबे आहेत, तेथे हे घडले. तक्ता चुकीने पाठवणाऱ्या माणसाला शोधणे अवघड नव्हते. तरीही नियामकाने दंड केला तो दलाला, ७,५०,००० पौंडांचा, आणि कारण दिले की प्रसिद्धीपूर्व तपासणीच्या साध्या पद्धतीही दलाकडे पुरेशा नव्हत्या. सार्वजनिक संस्थांना सवलतीने वागवण्याचे धोरण नसते, तर हा दंड ५६ लाख पौंड झाला असता, हेही नियामकाने सांगितले.

आपल्याकडील जन माहिती अधिकाऱ्यांनी हे प्रकरण मुद्दाम वाचावे, कारण अर्जदाराला मूळ एक्सेल फाइल जशीच्या तशी पाठवण्याची पद्धत येथेही आहे. भारतात डेटा संरक्षण अधिकारी नेमण्याची सक्ती केवळ 'महत्त्वाचे विश्वस्त' म्हणून अधिसूचित होणाऱ्या संस्थांवर आहे. ती सर्व मोठ्या महानगरपालिकांपर्यंत आणि सार्वजनिक रुग्णालयांपर्यंत पोचावी असे माझे मत आहे. मात्र त्या अधिकाऱ्याला सगळ्यांच्या चुका झेलणारा माणूस केले, तर त्या नेमणुकीचा काही उपयोग होणार नाही.

प्रश्न : एका सार्वजनिक रुग्णालयात दिलेला माझा मोबाइल क्रमांक आणि आजाराचा तपशील बाहेर गेला असावा, कारण त्याच आजाराच्या औषधांसाठी मला सतत फोन येतात. मला भरपाई मिळेल का आणि तक्रार कोठे करू? (वाचक, ठाणे)

उत्तर : भरपाईच्या बाबतीत मला तुम्हाला आश्वासक उत्तर देता येत नाही, याचा खेद वाटतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३अ मध्ये संवेदनशील माहितीच्या हलगर्जीपणाबद्दल भरपाईची तरतूद आहे, पण ती कंपन्या, फर्म आणि व्यावसायिक संस्था यांच्यापुरती. सरकारी खाते किंवा नगरपालिकेचे रुग्णालय त्यात बसवणे कठीण आहे. नवा कायदा ते कलमच काढून टाकतो आणि त्याच्या जागी बाधित व्यक्तीसाठी भरपाईचे काही ठेवत नाही. सुरक्षेत कुचराई केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि भंग झाल्याचे न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण ती रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. म्हणजे नगरपालिकेला दंड झाला, तर करदात्याचा पैसा एका सरकारी तिजोरीतून दुसरीत जाईल आणि ज्याचा आजार चव्हाट्यावर आला त्याच्या हाती काही पडणार नाही. हा दोष दुरुस्त व्हावा, यासाठी आपण सर्वांनी लोकप्रतिनिधींकडे आग्रह धरला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, त्यामुळे शासकीय संस्थेविरुद्ध राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला आहे. तो खर्चिक आणि वेळखाऊ आहे, म्हणून आधी रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. फोन कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमांकावरून आले आणि बोलणाऱ्याला तुमच्याविषयी काय ठाऊक होते, हे त्यात लिहा. अंदाजाला अंदाजच म्हणा. मे २०२७ नंतर डेटा संरक्षण मंडळाकडे जाण्यापूर्वीही संस्थेच्या तक्रार निवारण व्यवस्थेतून जावेच लागेल, तेव्हा या अर्जाची पोच तुमच्या उपयोगी पडेल. खोट्या किंवा क्षुल्लक तक्रारीबद्दल नागरिकालाही दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. प्रामाणिक तक्रारदाराने तिला घाबरू नये, पण जे माहीत आहे तेवढेच लिहावे. फोनवरून पैशांची फसवणूक झाली असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : मी एका लहान नगरपरिषदेचा मुख्याधिकारी आहे. आमच्याकडे संगणक विभाग म्हणून एक कंत्राटी अभियंता आहे. वरून विशेष मार्गदर्शन नाही. आज मी काय करू शकतो? (मुख्याधिकारी, विदर्भ)

उत्तर : जबाबदारी आपली आहे हे गृहीत धरून तुम्ही प्रश्न विचारला आहे, याचा मला मनापासून आनंद वाटला. पहिले काम एका कार्यालयीन आदेशाचे आहे आणि त्याला निधी लागत नाही. माहितीविषयीची घटना प्रथम कोणाला सांगायची, तो अधिकारी रजेवर असल्यास कोणाला, सर्ट-इनला सहा तासांत कोण कळवणार आणि संकेतस्थळ किंवा सर्व्हर बंद करण्याचा निर्णय कोण घेणार, हे नावानिशी त्यात लिहा. सर्ट-इनच्या जून २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सरकारी संस्थांनी माहिती सुरक्षा अधिकारी नेमावा असे आहे. ते काम कंत्राटी अभियंत्याकडे सोपवू नका. ज्याला नस्तीवर निर्णय घेता येतो आणि पुरवठादाराला जाब विचारता येतो, अशा नियमित अधिकाऱ्याला ते द्या आणि अभियंत्याला त्याच्या मदतीला ठेवा. स्वतःहून चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्ध, हेतू वाईट नसल्यास, केवळ त्या कळवण्यावरून कारवाई होणार नाही, असे एक वाक्यही आदेशात घाला. या सदराच्या पहिल्या पत्रलेखकाच्या कार्यालयात असे वाक्य लागू असते, तर चूक ज्याच्या लक्षात आली असेल अशा एखाद्या कर्मचाऱ्याने ती आधीच कळवली असती आणि कदाचित चार दिवस गेले नसते, असे मला वाटते.

आदेशाची आणि दूरध्वनी क्रमांकांची छापील प्रत भिंतीवर लावा, कारण संगणक कुलूपबंद झाला तर त्यातली यादी उघडणार नाही. बिघडलेले यंत्र 'फॉरमॅट' करण्याची घाई कोणी करू नये, अशी ताकीद द्या. त्याने पुरावाच पुसला जातो. माहितीची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवा आणि ती परत उघडते की नाही, हे तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष पाहा. लॉग १८० दिवस ठेवणे आजही बंधनकारक आहे. नवे नियम एक वर्ष म्हणतात, तर आतापासूनच एक वर्ष ठेवा.

नागरिकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा आजच तयार करून ठेवा, कारण घटनेच्या दिवशी तो कोणालाही सुचत नाही. तो साध्या मराठीत असू द्या. 'तांत्रिक कारणास्तव' यासारखे शब्द टाळा आणि कोणती माहिती गेली ते सरळ लिहा. पत्रात जो दूरध्वनी क्रमांक द्याल, त्यावर सुट्टीच्या दिवशीही फोन उचलणारा आणि प्रकरणाची माहिती असलेला कर्मचारी बसवा.